तिनं ‘हो’ म्हटलंय, पण तिला ‘नाही’ म्हणणं परवडलं असतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमची संस्था जिल्ह्याच्या गावी कौटुंबिक हिंसाचारावर काम करते. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या पंधरवड्यात तुम्हाला जनजागृतीची मोहीम घ्यायची आहे. तुमच्या समुपदेशन केंद्राच्या मदतीनं घराबाहेर पडलेली आणि आज शिवणकाम करून दोन मुलांना सांभाळणारी एक बाई कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार आहे. संमतीपत्रावर तिची सही आहे. देणगीदारांना ‘खरा चेहरा’ हवा आहे. तुमच्या सहकारी ताई मात्र चेहरा दाखवू नका म्हणून अडून बसल्या आहेत. आणि तुम्ही विचारता, सज्ञान बाई स्वतः हो म्हणते आहे, तर तिला अडवणारे आपण कोण?

हे शेवटचं वाक्य मला आवडलं. त्यात तिला ‘बिचारी’ मानलेलं नाही. आमच्या क्षेत्रात बिचारी मानायची खोड फार. पण प्रश्न जरा पुढे सरकवायला हवा. तिनं हो म्हटलं का, हे तुम्ही पाहिलंत. तिला नाही म्हणणं परवडलं असतं का, हे पाहिलंत का?

मी बावीस वर्षं हे काम करते, आधी समुपदेशक म्हणून आणि आता कार्यकर्त्यांची प्रशिक्षणं घेते. त्यात एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन: “तुमच्यामुळे तर मी उभी आहे ताई, तुम्ही म्हणाल तिथं बोलते.” पहिली काही वर्षं हे वाक्य म्हणजे मला संमती वाटायची. आता ते कानावर आलं की मी कागद मिटून ठेवते. कारण तिला विचारलं कुणी? जी ताई तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेली, जिनं तिचा अर्ज लिहिला, शिलाई मशीनसाठी खटपट केली, तिनंच. या माणसाला नाही म्हणायचं म्हणजे उपकार विसरल्यासारखं. शिवाय पुढच्या तारखेला कोर्टात सोबत कोण येणार, ही धाकधूक असतेच. तुम्ही तिच्यावर अजिबात दबाव आणला नसेल. दबाव त्या नात्यातच असतो, कुणी आणावा लागत नाही.

माझी एक चूक सांगते. तेव्हा मी कामात नवीन होते. आम्ही एक पोस्टर केलं. चेहरा धूसर केला, नाव बदललं, गाव लिहिलं नाही. स्वतःवर खूश होतो आम्ही. फोटोत तिनं हात पुढे धरला होता, ‘थांबा’ म्हणतात तसा. त्या हाताच्या आतल्या बाजूला गोंदण होतं, भावाच्या नावाचं. पोस्टर एस.टी. स्टँडवर लागलं आणि आठव्या दिवशी ती केंद्रात आली. रागावली नव्हती, हे जास्त लागलं. म्हणाली, “सासरी मार खात होते ते माहेरच्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं ताई. आता एस.टी.त बायका विचारतात.” तिच्या भावानं त्या दिवाळीला तिला बोलावलं नाही. आम्ही पोस्टर काढून आणली, पण भाऊबीज गेली ती गेलीच. संमतीपत्र मात्र आमच्याकडे होतं. अगदी व्यवस्थित, फाइलला लावलेलं.

त्यामुळे नुसता चेहरा झाकला की ओळख झाकली, हे डोक्यातून काढून टाका. मुंबईच्या माणसाला ती ओळखू येईल का, ही कसोटी चालत नाही. तिच्या गल्लीतल्या बाईला, जावेला, मुलाच्या वर्गशिक्षिकेला ओळखू येईल का, ते बघायचं. त्यांना आवाज पुरतो. बोलण्याची ढब पुरते. मागच्या भिंतीवर गावातल्या पतसंस्थेचं कॅलेंडर असेल तर काम फत्ते. ‘नवरा ट्रॅक्टरचालक, तीन मुलींनंतर मुलगा, लग्न २०११ ला’ एवढं वाचून अख्खा तालुका नाव सांगेल. मी तपशील बदलते तेव्हा मुलांची संख्या, नवऱ्याचा धंदा, जिल्हा, लग्नाचं साल बदलते. ठाण्यात गेल्यावर तिला काय ऐकावं लागलं आणि निकालाला किती महिने लागले, हे मात्र बदलत नाही, कारण गोष्टीचा जीव तिथं असतो. आणि खाली स्पष्ट लिहिते: ‘ओळख लपवण्यासाठी तपशील बदलले आहेत.’ तीन बायकांच्या अनुभवांतून एक गोष्ट केली असेल तर तेही लिहिते, आवाज दुसऱ्या कुणाचा असेल तर तेही. वाचणाऱ्याला फसवून जागृती होत नसते.

आता कशाकशावर अवलंबून आहे ते बघू. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलेली नाही: तिची केस चालू आहे का? असेल, तर माझं उत्तर जवळपास ठाम ‘नाही’ आहे. मार खाल्लेल्या माणसाला तारखा, वर्षं, घटनांचा क्रम नीट आठवत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. कॅमेऱ्यासमोर ती म्हणते ‘सात वर्षं सोसलं’. अर्जात असतं पाच. उलटतपासणीत समोरचा वकील तुमचीच चित्रफीत काढून विचारतो, बाई, खरं कुठलं? मुलांच्या ताब्याचा वाद असेल तर ‘ही मुलांच्या बापाची जाहीर बदनामी करते’ असं म्हणायला त्याला आयतं सापडतं. नवऱ्याचं नाव किंवा ओळख त्यात आली तर अब्रुनुकसानीची नोटीस तिलाही येऊ शकते, तुम्हालाही. म्हणून तिच्या वकिलाला विचारा. संस्थेच्या नव्हे, तिच्या.

कायदाही इथं थोडा बघावा लागतो. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार केलेल्या बाईनं स्वतःहून बोलायला कायद्याची सरसकट बंदी नाही. बलात्काराच्या प्रकरणात मात्र ओळख उघड करणं गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सज्ञान बाई स्वतः लेखी परवानगी देऊ शकते, ही त्यातली वाट. पण २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसतं नाव नव्हे, जिच्यावरून ओळख पटेल अशी दूरान्वयानंही माहिती छापायची नाही. वेगळ्या राहणाऱ्या बायकोवर नवऱ्यानं केलेली जबरदस्तीही या संरक्षणात येते, हे अनेक कार्यकर्त्यांच्या लक्षात नसतं. ती बोलता बोलता ते सांगून जाते आणि आपण चित्रण चालू ठेवतो.

सगळ्यात मोठा खड्डा मुलांचा. समजा तिनं घर सोडण्याचं खरं कारण मुलीशी झालेलं गैरवर्तन होतं. ती स्वतःबद्दल संमती देऊ शकते. पण तिचा चेहरा दिसला की मुलगी कोण ते कळलंच. २०१२ च्या पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याचं कलम २३ मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, शेजार आणि कुटुंबाचे तपशील, सगळ्यालाच हात लावू देत नाही, आणि परवानगी द्यायचा अधिकार विशेष न्यायालयाला आहे. आईला नाही, तुम्हाला तर नाहीच. बाईला एचआयव्ही असेल आणि ते बोलण्यात येणार असेल, तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी वेगळी लेखी संमती घ्यावी लागते. ‘सगळ्याला हो’ अशी एकच सही तिथं चालत नाही.

हे कलम २२८-अ कुठून आलं, ते आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी तरी विसरू नये. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, आता गडचिरोलीत आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ओळख उघड करायची बंदी त्याच दुरुस्तीनं आली. म्हणजे एका मुलीच्या गोष्टीनं देशाचा कायदा हलला. आणि तिचं नाव आजही त्या प्रकरणाचं नाव आहे, कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. मी इथं ते लिहीत नाही. या चळवळीनंच मला घडवलं, तिच्याविरुद्ध बोलायची माझी छाती नाही. पण प्रशिक्षणात हे सांगताना दर वेळी माझी जीभ जरा अडखळते.

आता मला खरं ज्यावर बोलायचंय ते. मोहिमेला तिची गोष्ट हवीये, मान्य. पण तिच्या गोष्टीतलं काय हवंय? चित्रण करणाऱ्या मुलांना मार हवा असतो. कशानं मारलं, कुठं लागलं, व्रण आहे का, रडू आलं तर ‘थांबू नका ताई, छान येतंय’. (हे वाक्य मी ऐकलंय. त्या मुलाला बाहेर काढलं आणि नंतर चहा पाजला. वाईट नव्हता, कुणी शिकवलंच नव्हतं.) मी प्रत्येक तपशिलाला एकच विचारते: हा काढला तर बघणारी बाई पुढं जे करणार आहे त्यात काही फरक पडतो का? पट्ट्यानं मारलं की लाकडानं, यानं तिच्या करण्यात काही फरक पडत नाही. ठाण्यात गेल्यावर ‘नवऱ्याला बोलावतो, समजावतो’ म्हणाले तेव्हा ती काय बोलली, यानं पडतो.

आम्ही केलेलं सगळ्यात उपयोगी काम एक चार मिनिटांचं ध्वनिमुद्रण होतं. गोष्ट एका बाईची, आवाज माझ्या सहकारणीचा. त्यात मारहाणीबद्दल एकच वाक्य होतं. बाकी सगळं पिशवीबद्दल. घर सोडायच्या आधी तीन आठवडे ती एक पिशवी भरत होती. आधार कार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नपत्रिका आणि लग्नातला एक फोटो, सरकारी दवाखान्याची चिठ्ठी जिच्यावर डॉक्टरांनी ‘घरात पडली’ असं लिहिलं होतं. ती पिशवी तिनं शेजारणीच्या धान्याच्या कोठीत ठेवली. शेजारणीनं काही विचारलं नाही, फक्त म्हणाली, उंदीर नाहीत माझ्याकडे. मग संरक्षण अधिकाऱ्याचं (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली सरकार नेमतं त्या अधिकाऱ्याचं) कार्यालय तिला कसं सापडलं, तिथं कुणी काय विचारलं, अर्ज कुणी लिहून दिला. लग्नपत्रिका सापडली नाही तर काय चालतं. हे मुद्रण आम्ही बचत गटांच्या बैठकांत ऐकवलं. पुढं वर्षभर बायका केंद्रात येऊन विचारायच्या, ‘ती पिशवीवाली गोष्ट तुमचीच का?’ एकदा एक शेजारीणही आली. तिला घर सोडायचं नव्हतं, तिला कोठी द्यायची होती.

तशीच काळजी शेवटाची. ‘आज ती सुखी आहे’ असा शेवट करायचा मोह होतो, देणगीदारालाही तोच गोड लागतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा म्हणतो की पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, हे तुम्ही माझ्याइतकंच पाहता. तुमच्या चित्रफितीत सगळं दोन महिन्यांत मार्गी लागलं, तर दीड वर्ष खेटे घालणारी बाई ते बघून म्हणते, माझंच नशीब फुटकं. गोष्टीत खेटे येऊ द्या. पोटगी अजून हातात पडत नसेल तर ते सांगा.

संमती मी कशी घेते ते सांगते, उपयोगी पडेल. पहिली गोष्ट, तिची समुपदेशक तिला विचारत नाही. दुसरी कुणीतरी विचारते, जिच्या हातात तिचं कुठलंच काम अडकलेलं नाही. सुरुवातच अशी: हो म्हणालात काय, नाही म्हणालात काय, केंद्राची मदत तीच राहणार. मग तिच्याच फोनवर दाखवते की एक चित्रफीत एका गटातून दुसऱ्या गटात कशी जाते आणि आपण आपल्याकडची काढली तरी त्यांच्याकडची जात नाही. मग प्रश्न. सासूनं पाहिलं तर? मुलाला वर्गात कुणी चिडवलं तर? पाच वर्षांनी दुसरं लग्न करावंसं वाटलं तर? घाबरवायला नाही, तिनं विचार करावा म्हणून. त्या दिवशी सही घेत नाही. आठ दिवसांनी पुन्हा भेटते. बऱ्याच जणी या आठ दिवसांत काहीतरी बदलतात: आवाज चालेल पण नाव नको, गावाबाहेर दाखवा पण आपल्या तालुक्यात नको, भावाबद्दलचं ते वाक्य काढा.

म्हणून आमच्या कागदावर एक सही नसते. नाव, चेहरा, आवाज, कुठं वापरणार, किती दिवस, प्रत्येकाला वेगळं हो-नाही असतं. मुदत मी दोन वर्षांची टाकते, नंतर पुन्हा विचारायचं. तयार झालेला मजकूर आधी तिला वाचून दाखवायचा आणि ती म्हणेल ते खोडायचं, संस्थेच्या अध्यक्षांना कितीही आवडलेलं असलं तरी. मागे घ्यायचं असेल तर कुणाला फोन करायचा, तो नंबर तिच्याकडे हवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही तत्त्व हेच आहे, संमती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणं सोपं हवं. पण फॉरवर्ड होऊन गेलेलं परत येणार नाही, हे आधीच आणि साध्या शब्दांत सांगा.

पैशाबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत. माझं मत: तिचा रोज बुडतो, तो भरून द्या, येण्याजाण्याचा खर्च द्या, आणि मंचावर बोलवत असाल तर शेजारी बसलेल्या पाहुण्या वक्त्याला जे मानधन देता तेच तिलाही द्या. शाल-श्रीफळावर भागवू नका. रक्कम आधी ठरवा, ती काय सांगते यावर नको. जितकं करुण तितके पैसे, असा वास जरी आला तरी सगळं नासतं.

आणि हो, ‘पीडिता’ म्हणावं की ‘सर्व्हायव्हर’, यावर कार्यशाळांत तासन् तास जातात. बावीस वर्षांत एकाही बाईनं स्वतःला यातलं काही म्हणवून घेतलेलं मी ऐकलं नाही. त्या म्हणतात ‘माझी केस’, ‘माझं प्रकरण’, एक म्हणायची ‘माझं ते झेंगट’. तिला विचारा, ती म्हणेल ते लिहा.

तुमच्या मूळ वाक्याकडे येते. अडवणारे आपण कोण? एकदा एका बाईनं मला हेच विचारलं होतं. घटस्फोट होऊन सहा वर्षं झालेली, मुलं मोठी, स्वतःची नोकरी, राहायला दुसऱ्या शहरात, आमच्या संस्थेकडून तिला काहीएक नको होतं. मी तीन वेळा समजावलं. तिसऱ्यांदा म्हणाली, “ताई, चेहरा त्यानं लपवावा. तुम्ही मला परत घुंगट घालायला सांगताय.” आम्ही नावानिशी, चेहऱ्यानिशी तिचं बोलणं घेतलं, आणि ते उत्तम झालं. माझ्या काळजीत थोडी मग्रुरीही होती, हे त्या दिवशी कळलं. तेव्हा कधीच नाही, असं मी म्हणत नाही. तिला नाही म्हणणं सहज परवडत होतं, म्हणून तिचं हो भरवशाचं होतं. तुमच्या बाईचं मशीन तुमच्या प्रकल्पातून आलंय, शिवायला कपडेही तुमच्यामार्फत येतात असं तुम्हीच लिहिलंय. तिथं मला हो म्हणवत नाही.

देणगीदारांना काय सांगायचं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण दर चौघींत एकीनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हे सांगा, आणि विचारा की इतक्या घरांतली गोष्ट असताना एकीचंच घर का उघडायचं. त्यांना केंद्र बघायला बोलवा, नोंदवही (नावं झाकून) दाखवा, फोनवर बसणाऱ्या ताईशी बोलू द्या. चेहराच हवा असेल तर तुमचा द्या. गावच्या आशाताईचा, म्हणजे आरोग्य कार्यकर्तीचा, संरक्षण अधिकाऱ्याचा, कोठी देणाऱ्या शेजारणीचा, तीही तयार असेल तर. खाली १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर मोठा छापा. आणि मोहीम सुरू व्हायच्या आधी तो नंबर आणि तुमच्या केंद्राचा नंबर स्वतः लावून बघा, संध्याकाळी सातनंतर. आम्ही एकदा पाच हजार पत्रकं वाटली आणि केंद्राचा फोन दुरुस्तीला गेला होता.

तुमच्याकडे आता हातात तीन आठवडे आहेत असं दिसतं. उद्याच चित्रण रद्द करू नका. तिला वाटेल आपलं काही चुकलं. तुमच्या सहकारी ताईंना तिला फोन करू दे, त्या तिच्या केसवर नसतील तर. दुपारी करा, दुकानात गिऱ्हाईक नसताना. आधी मुलांच्या शाळेचं विचारा, मग सांगा की आम्ही घाई केली, पुन्हा एकदा बसून बोलायचंय, आणि तुम्ही नको म्हणालात तरी दिवाळीचे कपडे शिवायला तुमच्याकडेच येणार आहेत.